बहात्तर हिरवे रिपोर्ट

१

शनिवारी सकाळी साडेनऊला माझी मोजणी संपली. बकेट्स दोनशे पंधरा. सर्व्हर अठ्ठेचाळीस. डेटाबेस नऊ. लॉगिन असलेली माणसं एकवीस; त्यांतली बकेट उघडू किंवा बंद करू शकणारी चार, आणि नियमांना हात लावू शकणारी दोन. ज्या बकेटमुळे आम्हाला बोलावलं होतं तिच्यात फायली तीनशे सहा, आणि त्या फायलींत मिळून नावं एक्केचाळीस.

एक्केचाळीस बायका. प्रत्येकीच्या नावापुढे तिचा सध्याचा पत्ता. तो पत्ता कोणाला कळू नये, एवढ्याचसाठी ती तिथे राहत होती.

कंपनी लहान. तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या, एक प्रिंटर, पाणी न तापवणारं एक कॉफीचं यंत्र. घरच्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांना लपवून ठेवणारी एक संस्था आपली सगळी कागदपत्रं या कंपनीकडे ठेवायची. कंपनी ती क्लाउडवर ठेवायची, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी भाड्याच्या कंप्युटरांवर. बकेट म्हणजे तिथली फायली ठेवायची जागा. तिला दार असतं, आणि दाराला दोनच अवस्था: आपल्या माणसांपुरतं किंवा जगाला उघडं.

ही बकेट मंगळवारी सकाळी अकरा दहाला उघडली गेली आणि शुक्रवारी अकरा वीसला बंद झाली. मधे, शुक्रवारी दहा पन्नासला, संस्थेच्या एका घराच्या दारावर एक माणूस आला आणि त्याने बायकोला तिच्या नावाने हाक मारली. दारातल्या नव्या मदतनीस बाईला वाटलं, याला पत्ता माहीत आहे म्हणजे संस्थेचाच असणार. त्याच्या बायकोच्या अंगावर सात वार मोजले गेले. ती अजून जिवंत होती.

मी ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या तपासनीस बाई सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवून मग या कामात आल्या. कंप्युटर त्यांना फारसा कळत नाही आणि त्या ते लपवत नाहीत.

"उघडली कधी, बंद झाली कधी, हे कळलं," त्या म्हणाल्या. "पण यांनी एक रखवालदार ठेवलाय म्हणे. तो काय करत होता?"

रखवालदार हा माणूस नव्हे. तो एक प्रोग्राम. दर तासाच्या ठोक्याला तो क्लाउडवरची एकेक गोष्ट लिहिलेल्या नियमांशी ताडून बघतो. नियम अकरावा असा: गोपनीय बकेट बाहेरच्यांना उघडी असता कामा नये. तशी सापडली तर रखवालदार स्वतःच ती बंद करतो, बोंब ठोकतो आणि रिपोर्टवर लाल खूण करतो.

मंगळवारी बारापासून शुक्रवारी अकरापर्यंत तासाचे ठोके बहात्तर. मी रिपोर्ट मोजले.

"झोपला होता का?" बाईंनी विचारलं.

"नाही. बहात्तर वेळा उठला, फेरी मारली, आणि बहात्तर वेळा सगळं हिरवं असल्याचं लिहून गेला."

२

कंपनीच्या साहेबांना माघारी सगळे 'शंभरटक्के' म्हणत, कारण त्यांचं दर दुसरं वाक्य त्या शब्दावर संपायचं. त्यांच्या खुर्चीमागे काचेवर एक आलेख चिकटवला होता: नियम पाळणाऱ्या गोष्टींचं प्रमाण. रेघ कित्येक महिने सत्त्याऐंशीवर लोळत होती आणि गेल्या सोमवारी दुपारी एकदम शंभरावर जाऊन बसली होती.

"बकेट धाकट्याने उघडली," साहेब म्हणाले. "लॉगिन त्याचं, वेळ नोंदलेली. मी पोलिसांसाठी पत्रसुद्धा तयार ठेवलंय. आणखी काय शोधायचं बाकी आहे?"

बाई आलेखाकडे बघत होत्या. "एका तासात सत्त्याऐंशीचे शंभर कसे झाले?"

"टीमने मेहनत घेतली."

"माझ्या वर्गात अशी मेहनत घेणारी पोरं शेजारच्याच्या पेपरात बघायची."

साहेब हसले नाहीत. "बुधवारी संस्थेच्या लोकांसमोर माझं सादरीकरण होतं. मी म्हटलं, मला शंभर टक्के हवेत. हे म्हणणं गुन्हा आहे का?"

"म्हणणं नाही. सोमवारी त्यासाठी तुम्ही स्वतः काय केलंत?"

"सह्या केल्या. मी सह्याच करतो."

धाकटा पलीकडच्या खोलीत बसला होता. सव्वीस वर्षांचा, बोटांची नखं कुरतडलेली. त्याला धाकटा म्हणायचं कारण त्याची मोठी बहीण त्याच ऑफिसात होती. रखवालदाराचे नियम लिहायचं काम तिचं. हा दिवसभर "ताई, हे बघ, ताई, ते सांग" करत तिच्या टेबलाभोवती घुटमळायचा, त्यामुळे तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणू लागली होती. आई गेली तेव्हा हा सातवीत होता आणि ती कॉलेजात. त्याच्या डब्यापासून त्याच्या नोकरीपर्यंत सगळं तिनेच बघितलं होतं.

"मीच उघडली," तो म्हणाला. "नव्या घरातल्या टॅबलेटवर फॉर्म उघडत नव्हते. दाराचा अडथळा आहे का ते बघायला मी दार उघडलं, आणि त्यांना एका फॉर्मची लिंक पाठवली. त्या लिंकचं शेपूट खोडलं की अख्खी बकेट दिसते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती लिंक कोणी कोणाला पुढे पाठवली, देव जाणे."

"बंद का नाही केलीस?"

"बारा वाजायची वाट बघत होतो."

"बारा वाजता काय होणार होतं?"

"रखवालदाराची फेरी. मला खात्री नव्हती बाई, ही बकेट गोपनीय धरलीय की नाही. असली तर तो बंद करेल, शिव्या घालेल. मग बारा वाजले. तो काही बोलला नाही." त्याने मान खाली घातली. "मला वाटलं, म्हणजे चालतंय."

बाहेर आल्यावर बाई जिन्यात थांबल्या.

"ऐकलंस? त्याने पहारेकऱ्याच्या गप्प बसण्याला परवानगी मानलं."

"खोटं बोलत असेल?"

"खोटं बोलणारा स्वतःला इतका मूर्ख दाखवत नाही. प्रश्न तो नाहीच. पहारेकरी गप्प का बसला?"

३

संस्थेच्या संचालिका दुपारी आल्या. दोन दिवसांत त्यांनी चाळीस बायका आणि एकोणीस मुलं दुसरीकडे हलवली होती. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. त्यांना ते कळलेलं नव्हतं.

"एक हलवता येत नाही," त्या म्हणाल्या. "नळ्या लावल्यात."

"तुम्हाला बकेट गोपनीय आहे हे लिहून द्यावं लागतं का?" बाईंनी विचारलं.

"आम्हाला कसली बकेट नि काय! आम्ही कागद देतो. या लोकांनी बुधवारी मोठ्या पडद्यावर हिरवं वर्तुळ दाखवलं. शंभर टक्के सुरक्षित. मी टाळ्या वाजवल्या हो." त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. "बुधवारी. तेव्हा दार उघडंच होतं ना?"

मी हिशेब केला. सादरीकरण बुधवारी चारला. दार उघडून अठ्ठावीस तास पन्नास मिनिटं झाली होती. मी तो आकडा बोललो नाही.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "त्या पोराला फासावर द्या असं मी म्हणणार नाही. पण कोणीतरी मला सांगा, हे झालं कसं. तिच्या आईला काय सांगू? मशीन हिरवं होतं म्हणून?"

ताई सगळ्यांत शेवटी भेटली. नीट बांधलेले केस, नीट लावलेल्या फायली, आवाजही नीट. नियम अकरावा? आहे. चालू आहे? आहे. बकेट गोपनीय आहे हे रखवालदाराला कसं कळतं?

"टॅगवरून. प्रत्येक बकेटला तीन टॅग लावायचे असतात: कोणाची, गोपनीय की साधी, कोणी बांधली. बरणीवर चिठ्ठी लावतो ना, तसं."

"सोमवारी नियमांत काही बदल झाला?"

"बदल होतच असतात." तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं. "दर बदलाला दुसरी सही लागते. साहेबांची."

"तुमच्या भावाचं काय होईल असं वाटतं?"

टोपण खाली पडलं, टेबलाखाली घरंगळत गेलं. ते शोधायला ती वाकली आणि मला वाटलं त्याहून बराच वेळ वाकलेली राहिली.

४

रविवारी सकाळी धाकट्याने आपणहून लेखी कबुली दिली. एक पान, सहा वाक्यं. बकेट मी उघडली. कोणाच्या सांगण्यावरून नाही. मला पकडलं जायचं नव्हतं. म्हणून मी रखवालदार बंद करून ठेवला आणि शुक्रवारी पुन्हा चालू केला. या प्रकाराशी दुसऱ्या कोणाचाही संबंध नाही. जी शिक्षा होईल ती मान्य आहे.

साहेब खूश झाले. "बघा! शंभर टक्के कबुली. उद्या दोन वाजता पोलीस येऊन घेऊन जातील."

एरवी ही नोकरी जाण्याची आणि समज मिळण्याची गोष्ट होती. पण चौथ्या वाक्यामुळे ती तुरुंगाची झाली. चूक वेगळी, आणि पहारा काढून घेऊन दार उघडणं वेगळं.

बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "यातलं एक वाक्य खोटं आहे. शोध. पाच मिनिटं."

मला दोन पुरली. "चौथं. बंद केलेला रखवालदार रिपोर्ट लिहीत नाही. आपल्याकडे बहात्तर रिपोर्ट आहेत, एकही ठोका चुकलेला नाही. शिवाय त्याच्या लॉगिनला रखवालदाराला हात लावायची मुभाच नाही."

"शाब्बास. आता सांग, माणूस न केलेला गुन्हा का कबूल करतो?"

"केलेल्याला वाचवायला."

"आणि 'दुसऱ्या कोणाचाही संबंध नाही' हे न विचारता कधी सांगतो?"

मी कबुली फाइलीत लावली. "बहात्तर कागद पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. "हिरवं बघू नकोस. आकडे बघ."

५

रिपोर्टच्या माथ्यावर मोठं हिरवं वर्तुळ असतं आणि त्यात टक्के. ते सगळे बघतात. तळाशी राखाडी, बारीक अक्षरांत एक ओळ असते. ती मी शनिवारी बघितली नव्हती, हे इथे लिहून ठेवणं भाग आहे.

तपासलेल्या बकेट्स: १८८.

मी स्वतः मोजल्या होत्या दोनशे पंधरा.

बहात्तरच्या बहात्तर कागदांवर तोच आकडा. मग मी आधीचे रिपोर्ट काढले. सोमवारी दुपारी एकचा: तपासलेल्या २१५, उत्तीर्ण १८८, अनुत्तीर्ण २७. सोमवारी दुपारी दोनचा: तपासलेल्या १८८, उत्तीर्ण १८८.

"वर्गातली सत्तावीस पोरं नापास होत होती," बाई सावकाश म्हणाल्या. "निकाल शंभर टक्के लागला. पोरं पास झाली नाहीत. त्यांची नावं पटावरून काढली."

सोमवारी एक पंचवीसला नियम अकरावा बदलला होता. जुना नियम म्हणायचा: जिला टॅगच नाही ती बकेट गोपनीयच समजा, आणि टॅग नाही म्हणून तिला नापास करा. नवा म्हणत होता: जिच्यावर टॅग आहे तिलाच तपासा, बिनटॅगच्या सोडून द्या. जिने आपण कोण हे सांगितलंच नाही, तिला कोणी विचारायचंच नाही. एक्केचाळीस नावांची बकेट त्या सत्तावीसांतली होती. जुना नियम असता तर मंगळवारी बाराच्या फेरीत ती बंद झाली असती. ती पन्नास मिनिटं उघडी राहिली असती.

बदल ताईच्या लॉगिनवरून झाला होता. एक सत्तावीसला साहेबांची सही. त्या दुपारी साहेबांनी चार मिनिटांत नऊ बदलांवर सह्या केल्या होत्या.

"म्हणजे साहेबांनी तिच्याकडून करून घेतलं," मी म्हणालो. "त्यांना शंभर हवेच होते."

"तसं दिसतंय खरं. पण बदलाच्या खाली ही तारीख कसली?"

"मुदत. हा बदल सात दिवसांनी आपोआप रद्द होतो आणि जुना नियम परत येतो. म्हणजे उद्या, एक पंचवीसला."

बाईंनी चष्मा काढला. "आता एक काम कर. त्या सत्तावीस बकेट्स बांधल्या कोणी, ते लॉगिनच्या नोंदींतून शोध. मला वाटतं मला माहीत आहे. पण तू मोज."

मी मोजलं. सत्तावीसपैकी सत्तावीस.

६

सोमवारी साडेबाराला बाईंनी ताईला बोलावलं. खोलीत आम्ही तिघंच.

"माझं मशीन जेवणाच्या सुट्टीत उघडंच असतं," ताई आधीच म्हणाली. "कोणीही बसू शकतं."

"बसू शकतं. मग आपण कोणीही बसवून बघू." बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा झाला, कडक नाही, पण न थांबणारा. "समजा साहेब बसले. त्यांना शंभर टक्के हवेत, कायमचे. पुढच्या सोमवारी आकडा पुन्हा सत्त्याऐंशीवर येईल अशी तारीख ते स्वतः घालतील? त्यांनी तर तो आलेख काचेला चिकटवलाय. समजा कोणी वैरी बसला. त्याला एक बकेट उघडायची आहे. तो बाकीच्या सव्वीस कशाला वगळेल? आणि समजा तुमचा भाऊ बसला. त्याला नियम बदललेला माहीत असता, तर तो बारा वाजेपर्यंत रखवालदाराची वाट बघत बसला नसता."

ताई टेबलाकडे बघत होती.

"सत्तावीसही बकेट्स त्याने बांधलेल्या. टॅग लावायचा कंटाळा. इथे लाल खूण बांधणाऱ्याच्या नावावर पडते आणि दर सोमवारी सहाला समजपत्र निघतं. तिसऱ्या पत्राला करार संपतो. त्याला दोन मिळाली होती. तिसरं त्या संध्याकाळी निघणार होतं." बाई थांबल्या. "सात दिवसांची मुदत चोर घालत नाही हो. समोरचा सुधारेल असं ज्याला वाटतं, तोच मुदत घालतो. शाळेत मी कितीदा घातली."

ताईने पेनाचं टोपण लावून पेन बाजूला ठेवलं.

"चहा पिताना मी त्याला म्हटलं होतं," ताई म्हणाली. "सोमवारी, घरी. नियमाचं नाही सांगितलं; सांगितलं असतं तर आणखीच सैल झाला असता. फक्त म्हटलं, रविवारच्या आत सगळे टॅग लाव, नाहीतर कान उपटीन. म्हणाला, हो गं ताई, उद्या बसतोच. उद्या म्हणजे मंगळवार."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, तू गप्प बस. दार मी उघडलंय. एकाने जायचं तर दोघं कशाला?"

"आणि तुम्ही बसलात."

"बसले." तिने पहिल्यांदा वर बघितलं. "चौदा वर्षं त्याची प्रत्येक चूक मी आधी पुसायची आणि मग त्याला ओरडायची. ही पुसता येईना, तर तो माझी पुसायला निघाला. कागद द्या."

तिने निवेदन स्वतःच्या हाताने लिहिलं. बाईंनी धाकट्याच्या कबुलीतलं चौथं वाक्य खोटं असल्याचा पुरावा, बहात्तर रिपोर्ट आणि साहेबांच्या नऊ सह्या त्याला जोडल्या. साहेबांना बोलावून एकेक पान दाखवलं. ते पानं उलटत राहिले आणि म्हणाले, "पण मी फक्त सही केली." बाईंनी पुढचं पान सरकवलं, तेव्हा त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

धाकट्याला आत आणलं तेव्हा ताईची सही झालेली होती. त्याने कागद वाचला.

"वेडी आहेस का तू?"

"बस खाली," ताई म्हणाली. "आणि नखं खाऊ नकोस."

एक चाळीसला हॉस्पिटलमधून संचालिकांचा फोन आला. बाईंनी ऐकला, "कधी?" एवढंच विचारलं, आणि वेळ लिहून घेतली: एक बारा. मग कंपनीने तयार ठेवलेल्या पत्रात गुन्ह्याचं कलम बदलावं लागणार, म्हणून मी नवा कागद घेतला.

ताईने बाईंना विचारलं, "टॅग लावू का आता? मला सगळ्या पाठ आहेत."

"पुराव्याला हात लावायचा नाही."

किती वेळ लागला असता हे मी रविवारीच एका नकलेवर बघून ठेवलं होतं. एका बकेटचे तिन्ही टॅग लावायला सरासरी चाळीस सेकंद. सत्तावीस बकेट्सना अठरा मिनिटं.

पोलीस दोनला पाच कमी असताना आले. दोन वाजता रखवालदाराने फेरी मारली. तो रिपोर्ट छापून मी फाइलीत शेवटी लावला.

तपासलेल्या बकेट्स: २१५. उत्तीर्ण: १८८. अनुत्तीर्ण: २७.